एकसारख्या तीन चुका

माझ्या थोरल्या जाऊबाईंना बल्बच्या कारखान्यात सगळे 'फ्यूज' म्हणतात. तोंडावर कुणी म्हणत नाही, पण त्यांना ते ठाऊक आहे. या नावावर मात्र त्या कधी रागावल्या नाहीत, हे नवलच, कारण बाकी कशावरही त्यांचा पारा चढू शकतो. बस थांबा सोडून पुढे जाऊन थांबली, दुकानदाराने वजन करताना काट्याला हळूच बोट टेकवलं, कुणी साहेब "या बायकांना जरा समजावून सांगा" असं त्यांच्यादेखत म्हणाला, की झालंच. एक मात्र मी शपथेवर सांगेन. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून जाऊबाई उगाच भडकल्याचं मी पाहिलेलं नाही. आवाज चढलेला असतो, पण मुद्दा त्यांचा खरा असतो.

कारखान्यात त्या आधी शेवटच्या टेबलावर होत्या. पट्ट्यावरून बल्ब पेटत येतात, त्यातला लुकलुकणारा उचलायचा, बुडाची धातूची टोपी वाकडी बसलेला उचलायचा, कानाशी हलवून आत काही खुळखुळतंय का ऐकायचं. मी त्याच कारखान्यात, पण माल रवाना करणाऱ्या ऑफिसात. माझ्या खोलीच्या काचेतून मला त्यांची पाठ दिसते आणि पाठीवरूनच मला कळतं, आज काय मूड आहे.

गेल्या वर्षी कारखान्याने फर्मान काढलं की यापुढे तपासनीस व्हायचं असेल तर संख्याशास्त्राचं प्राथमिक सर्टिफिकेट हवं. आता सगळे बल्ब एकेक करून पाहायचे नाहीत, ढिगातले थोडे उचलायचे आणि त्यावरून ढिगाचा अंदाज बांधायचा, म्हणून. जाऊबाईंचं नाव त्या जागेसाठी केव्हाचं पुढे होतं. आता मधे हे सर्टिफिकेट आलं. मलाही ऑफिसातून बाहेर पडायचं होतं. दोघींनी मिळून रविवार सकाळच्या वर्गात नाव घातलं.

वर्ग एका कॉलेजच्या मागच्या इमारतीत भरायचा. बाक असे अरुंद की बसलं की गुडघे पुढच्याच्या पाठीला. वर्गात सगळे आमच्यासारखेच, नोकरी सांभाळून आलेले. शिकवायला एक तरुण सर होते. हुशार, अक्षर मोत्यासारखं, बोलणं भरभर. प्रश्न विचारला की आधी घड्याळाकडे बघायचे, मग आपल्याकडे.

पहिल्याच महिन्यात त्यांनी फळ्यावर गणित लिहिलं. एका खोक्यात दहा बल्ब आहेत, त्यातले तीन खराब आहेत. डोळे मिटून दोन बल्ब काढले, तर किमान एक खराब निघण्याची शक्यता किती?

जाऊबाईंनी हात वर केला. "सर, तीन खराब बल्ब खोक्यात गेले कसे?"

"म्हणजे?"

"म्हणजे ते खोकं भरलं कुणी? दहात तीन? आमच्याकडे शंभरात एक गेला तरी टेबलावरच्या बाईला बोलावून घेतात. तुमच्या या खोक्याला कुणी तपासलंच नाही का?"

वर्ग हसला. सरही हसले, पण ते हसणं ओठांपुरतं होतं. "ताई, हे गणितातलं खोकं आहे," ते म्हणाले.

"गणितातलं असलं म्हणून काय झालं!" जाऊबाई पुटपुटत खाली बसल्या आणि मला म्हणाल्या, "खराब माल पाठवायचा आणि वर शक्यता काढत बसायचं. लाज वाटायला हवी." त्यांना खरंच राग आला होता. नसलेल्या खोक्याचा आणि ते भरणाऱ्या नसलेल्या बाईचा.

राग ओसरल्यावर मात्र अडचण उरली, ती म्हणजे गणित येत नव्हतं. सर भरभर पुढे जायचे. पुस्तक होतं, पण त्याची भाषा अशी की एक वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरायची. घरी आमचे दोघींचे नवरे, म्हणजे दोघे सख्खे भाऊ, गणिताचं नाव काढलं की एकाला फोन यायचा आणि दुसऱ्याला झोप. राहिले आमचे सासरे.

सासऱ्यांना आम्ही अण्णा म्हणतो. आमची दोन बिऱ्हाडं एकाच मजल्यावर समोरासमोर आहेत आणि अण्णा दोन्हीकडचे. सकाळचा चहा इकडे, दुपारची झोप तिकडे. आयुष्यभर रेल्वेच्या पार्सल ऑफिसात काम केलेला माणूस. तोंडी हिशेबात त्यांना अजून कुणी हरवलेलं नाही, आणि ही गोष्ट ते आठवड्यातून एकदा तरी आपल्याला सांगतात. आम्हाला पुस्तक उघडून डोक्याला हात लावून बसलेलं पाहिलं आणि ते खुर्ची ओढून आले.

"आण इकडे. यात काय एवढं?"

आणि खरं सांगते, अण्णा छान शिकवायचे. सरांचं जे तीन रविवारांत डोक्यावरून गेलं ते अण्णांनी एका दुपारी गळी उतरवलं. दोन फासे टाकले तर बेरीज सात येण्याची शक्यता? अण्णांनी कागदावर जोड्या मांडल्या. एक-एक, एक-दोन, एक-तीन, असं सहा-सहापर्यंत. तीन-चार लिहिलं, की चार-तीन लिहायचं नाही. "तीन-चार काय नि चार-तीन काय, एकच. तुम्ही दोघी माझ्या डावी-उजवीकडे बसलात काय नि जागा बदललीत काय, सुना त्याच." एकूण जोड्या एकवीस. सात होणाऱ्या तीन. उत्तर एकसप्तमांश. किती स्वच्छ!

मग मध्यक. आकडे चढत्या क्रमाने लावायचे आणि मधला उचलायचा. आकडे सम असले आणि मधे दोघं आले तर? अण्णा म्हणाले, "मधे दोघं आले तर मान मोठ्याला." आम्हाला पटलं. घरात तसंच चालतं.

आणि ते खोक्यातले बल्ब. "किमान एक म्हणजे एक. दोन हवे असते तर दोन म्हटलं नसतं का? पार्सलावर 'एक नग' लिहिलं असेल तर मी दोन नग द्यायचो काय?" त्यांनी एक चांगला-एक खराब असं मांडून उत्तर काढून दिलं, सात पंधरांश.

शिकवणी संपली की जाऊबाई आपल्या घरी जायच्या. "आता तू तुझ्या टेबलावर, मी माझ्या," हा त्यांचा नियम. एकदा मी पाचव्या गणिताचं उत्तर काय आलं एवढंच विचारायला त्यांच्या दारात गेले, तर त्यांनी वही छातीशी धरली. "अजिबात नाही. माझं चुकायचं असेल तर माझं मला चुकू दे. तपासायला बसायचंय उद्या आपल्याला, दुसरीच्या डोळ्यांनी तपासणार आहेस?" मी तोंड वाकडं करून परत आले.

गृहपाठ सरांकडे दिला. मधे एक आठवडा गेला. पुढच्या रविवारी वर्गात शिरलो तर दाराशेजारच्या फलकापाशी गर्दी. आम्हाला पाहून गर्दी बाजूला सरकली, आणि सरकायची ती पद्धत मला आवडली नाही. फलकावर टाचणीने लावलेला कागद. आमच्या दोघींचे हजेरी क्रमांक आणि खाली त्या मोत्यासारख्या अक्षरात एक ओळ: 'या दोघींनी गृहपाठ एकमेकांचा पाहून लिहिला आहे. दोघींना शून्य.'

मागे कुणीतरी म्हणालं, "एका घरातल्या आहेत ना त्या." जाऊबाई तिथेच ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांची मान लाल झाली, मग कान. त्यांनी तो कागद पुन्हा एकदा वाचला, जणू खाली अजून काही लिहिलेलं असेल आणि आपल्या नजरेतून सुटलं असेल. मग वळून त्या सरळ शिक्षकांच्या खोलीकडे चालू लागल्या. मी मागे.

सर चहा पीत होते. "वर्ग सुरू व्हायला पाच मिनिटं आहेत," ते म्हणाले.

"पुरेत," जाऊबाई म्हणाल्या. "आम्ही कॉपी केली हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी सांगायला कशाला हवं? तुमचे पेपरच सांगतात." त्यांनी आमचे दोन्ही गृहपाठ ओढून समोर ठेवले. "बरोबर उत्तरं सारखी आली तर मी काही म्हणत नाही. ती सगळ्यांची सारखीच येतात. पण चुका? हे पाहा. तीन गणितं चुकलीत. दोघींची तीच तीन. आणि तिन्हींची चुकीची उत्तरंही तीच. एका गणितात योगायोगाने तशी जुळणी व्हायची शक्यता दहात एक धरू. तीन गणितांत? दहा गुणिले दहा गुणिले दहा. हजारात एक! ताई, मी संख्याशास्त्र शिकवतो. हजारात एक एवढ्या योगायोगावर मी विश्वास ठेवायचा?"

"हे कसलं गुणता तुम्ही?"

"स्वतंत्र घटनांचा गुणाकार. मागच्याच आठवड्यात शिकवला."

"स्वतंत्र?" जाऊबाईंचा आवाज अख्ख्या मजल्यावर गेला असेल. "आम्ही कसल्या स्वतंत्र? एका घरातल्या, एका जिन्याने जातो-येतो, एका माणसाकडून शिकतो! स्वतंत्र म्हणे!"

सरांनी कप खाली ठेवला आणि हात पसरले. "पाहा. तुम्हीच कबूल केलंत."

आज विचार केला की मला वाटतं, जाऊबाई रागाच्या भरात जे बोलल्या तेच तर खरं उत्तर होतं. आम्ही स्वतंत्र नव्हतोच. एकाच झऱ्याचं पाणी दोन घागरींत भरलं होतं, मग दोन्हीकडे गढूळ निघालं यात योगायोग कसला? पण त्या वेळी तसं सुचलं कुणाला! सरांच्या कानाला ती कबुली वाटली आणि जाऊबाईंना कळलंच नाही की आपण काय कबूल केलं.

"कोण माणूस शिकवतो तुम्हाला?" सरांनी विचारलं.

मी तोंड उघडलं. जाऊबाईंनी माझा हात असा दाबला की बांगडी रुतली. "आहेत एक," त्या म्हणाल्या. "त्यांना यात ओढायचं नाही." आणि बाहेर आल्या. वर्गात न बसता आम्ही घराकडे निघालो.

बसचा थांबा मागे पडला तरी त्या चालतच होत्या. मी धापा टाकत म्हटलं, "अण्णांना घेऊन येऊ या ना. ते सांगतील की मी शिकवलं. संपलं."

"आणि काय सांगायला लावायचं त्यांना? की मी चुकीचं शिकवलं? त्या पोरगेल्या मास्तरसमोर? अगं, जन्मात त्यांना कुणी चूक म्हटलेलं नाही हिशेबात. आपण शिकवा म्हणून बसवलं, आणि आता साक्षीला उभं करू?"

"मग आपण चोर म्हणून बसायचं?"

"तेही नाही!" त्या ओरडल्या. समोरून येणारा एक माणूस दचकून रस्ता ओलांडून गेला. "चूक म्हण, मठ्ठ म्हण, नापास कर. पण चोर? वह्यासुद्धा कधी उघड्या टाकल्या नाहीत मी, आणि फलकावर चोर?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि पाणी आलं याचाही त्यांना राग आला होता.

घरी आल्यावर त्या गप्प राहिल्या, पण त्यांच्या स्वयंपाकघरातली भांडी गप्प राहिली नाहीत. झाकण आदळलं, पातेलं आदळलं. अण्णा माझ्याकडे बसले होते. समोरच्या घरातला आवाज ऐकून म्हणाले, "काय बिनसलं?" मी सांगणार नव्हते. पण मला राहवलं नाही, मी सगळं सांगितलं. फलक, कागद, हजारात एक, सगळं.

मला वाटलं होतं, अण्णांना वाईट वाटेल. तसं काही झालं नाही. त्यांनी चष्मा काढला.

"चुकीची? कुठली उत्तरं चुकीची?"

"फाशांचं, मध्यकाचं आणि बल्बचं."

"ती चुकीची?" अण्णा उभे राहिले. "ती चुकीची म्हणतो तो? उद्या किती वाजता भेटतो हा मास्तर?"

जाऊबाईंना कळलं तेव्हा त्यांनी आधी मला झापलं, मग अण्णांना विनवलं, मग चिडल्या, मग थकल्या. अण्णा ऐकेनात. दुसऱ्या दिवशी दोघींनी अर्धी रजा टाकली. अण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातला, खिशाला पेन लावलं, आणि बसमध्ये बसायला जागा असून उभे राहिले.

सर खोलीत एकटेच होते. शेजारच्या रिकाम्या वर्गात आम्हाला घेऊन गेले, कदाचित आवाजाच्या भीतीने. अण्णांनी ओळखपाळख काही केली नाही. "मी यांचा सासरा. यांना मी शिकवतो. तुम्ही म्हणता उत्तरं चूक आहेत. खडू द्या."

"आजोबा, प्रश्न उत्तरांचा नाही..."

"प्रश्न उत्तरांचाच असतो. खडू द्या."

सरांनी खडू दिला. अण्णांनी फळ्यावर जोड्या मांडायला सुरुवात केली. एक-एक, एक-दोन, एक-तीन. रकाने सरळ. तीन-चार लिहिलं आणि चार-तीनच्या जागी आल्यावर थांबून सरांकडे वळून म्हणाले, "हे परत लिहायचं नाही. तेच आहे." शेवटी एकवीसवर वर्तुळ काढलं, तीनवर काढलं, आणि खाली लिहिलं, एकसप्तमांश. मग बल्ब. मग मध्यक, आणि मधल्या दोन आकड्यांपैकी मोठ्याभोवती त्यांनी दोनदा वर्तुळ काढलं. "मान मोठ्याला."

सर आधी घड्याळ बघत होते. फाशांनंतर त्यांनी घड्याळ बघणं सोडलं. बल्बपर्यंत आमचे दोन्ही गृहपाठ काढून त्यांनी फळ्याशी ताडून पाहिले. चुकीच्या पायऱ्यासुद्धा त्याच क्रमाने होत्या. अण्णांना यातलं काही दिसत नव्हतं. ते आपलं गणित जिंकत होते.

"एक करू या," सर हळू आवाजात म्हणाले. त्यांनी तीन कोरे कागद काढले, आम्हा तिघांना वर्गाच्या तीन कोपऱ्यांत बसवलं आणि तोंडी गणित घातलं. "दोन नाणी उडवली. एक छापा आणि एक काटा पडण्याची शक्यता किती? पायऱ्या लिहा."

मी लिहिलं: छापा-छापा, छापा-काटा, काटा-काटा. तीनात एक. एकतृतीयांश.

सरांनी कागद गोळा केले. एकतृतीयांश. एकतृतीयांश. एकतृतीयांश. तीनही कागद हातात घेऊन ते बाकाच्या कडेवर बसले आणि हसायला लागले.

"हसू नका," जाऊबाई म्हणाल्या.

ते थांबले. "नाही, मी... याचं उत्तर एकद्वितीयांश आहे. तिघांचंही चुकलंय."

"चुकलं असेल. कॉपी केलं का?"

"नाही."

"मग हसताय कशाला?"

सर उठून फळ्यापाशी गेले, आणि एक गोष्ट मी त्यांच्या बाजूने सांगते, अण्णांना त्यांनी नीट समजावलं. एक लाल खडू घेतला, एक निळा. एक फासा लाल, एक निळा समजा. लालवर तीन आणि निळ्यावर चार ही एक गोष्ट, लालवर चार आणि निळ्यावर तीन ही दुसरी. नाण्यांचंही तसंच. अण्णांनी लाल तीनवर बोट ठेवलं, मग निळ्या तीनवर.

"म्हणजे दोन्ही वेगळ्या," ते म्हणाले.

"हो."

"छत्तीस."

"हो, छत्तीस."

अण्णांनी हात झटकून खडूची पूड काढली. खिशातलं पेन उगाच काढून परत लावलं. "पार्सलात रंग नसतो बघायचा," एवढंच बोलले आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. मला त्या वेळी सरांचा इतका राग आला! त्यांनी काही वावगं केलं नव्हतं तरीही आला. त्या एका कागदापायी हे सगळं झालं होतं. तो लावण्याआधी त्यांनी आम्हाला बोलावून एक शब्द विचारला असता तर या म्हाताऱ्या माणसाला इथे येऊन हरावं लागलं नसतं.

"ती नोटीस मी काढून टाकतो," सर म्हणाले. "तीन गणितांचे मार्क मात्र..."

"मार्क कापा. चुकल्याचे कापायलाच हवेत," जाऊबाई म्हणाल्या. "पण नोटीस नुसती काढून भागणार नाही. लावली तेव्हा सगळ्यांनी वाचली. काढलेली कोण वाचणार?"

"मग काय करू?"

"तेवढीच दुसरी लावा. यांनी कॉपी केलेली नाही, अशी."

"अशी पद्धत नाही आमच्याकडे."

"विचारल्याशिवाय चोर ठरवायची पद्धत आहे, आणि ही नाही?"

शेवटी ठरलं की ते वर्गात सांगतील. सांगितलंही. पुढच्या रविवारी, वर्ग संपताना, लोक पिशव्या उचलत असताना, फळा पुसता पुसता, पाठ आमच्याकडे करून. "त्या गृहपाठाच्या बाबतीत थोडा गैरसमज झाला होता," असं काहीतरी.

जाऊबाई उभ्या राहिल्या. "सर, ऐकू आलं नाही."

सर वळले. पिशव्या थांबल्या.

"परत सांगा. मागच्यांनाही ऐकू जाऊ दे."

सरांनी डस्टर खाली ठेवलं आणि आमचे दोघींचे क्रमांक घेऊन स्पष्ट सांगितलं की यांनी कॉपी केलेली नव्हती, ठरवताना माझी चूक झाली. माफ करा म्हणाले नाहीत. जाऊबाई खाली बसल्या आणि वाटेत मला म्हणाल्या, "चुकलो म्हणाला, पण कुणाशी चुकलो ते गिळलं त्याने." आजही तो विषय निघाला की त्या याच वाक्यावर येतात आणि त्यांचा आवाज तितकाच चढतो. मला वाटत नाही त्या हे कधी विसरतील. विसरावं असं मला वाटतही नाही.

अण्णा मात्र त्यानंतर टेबलापाशी फिरकेनात. आम्ही पुस्तक उघडलं की ते पेपर घेऊन दुसऱ्या खोलीत जायचे. दोन-तीन आठवडे असं चाललं. मग एका दुपारी जाऊबाई चहाचा कप घेऊन त्यांच्यासमोर जाऊन बसल्या.

"अण्णा, मी तुमच्यावर रागावलेय."

"माहीत आहे."

"चुकीचं शिकवलंत म्हणून नाही. चुका आम्हीही केल्या. तुम्ही आता शिकवत नाही म्हणून रागावलेय. परीक्षा तोंडावर आलीय, आणि त्या मास्तरचं बोलणं अजून डोक्यावरून जातं. तुमचं कळतं."

"माझं चूक असतं."

"मग आधी पुस्तकात बघा आणि मग शिकवा. एवढं काय त्यात!"

अण्णा रुसल्यासारखे बसून राहिले. चहा प्यायले. संध्याकाळी मात्र पुस्तक मागून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी टेबलावर आले ते उत्तर सांगण्याआधी प्रत्येक वाक्याखाली बोट फिरवत. वेग कमी झाला होता, ऐट थोडी उतरली होती. मध्यकात मधे दोघं आले की आता मोठ्याला मान नाही, दोघांची सरासरी. 'किमान एक' आलं की ते थांबून म्हणायचे, "एक किंवा जास्त. जास्तही." स्वतःला बजावल्यासारखे.

परीक्षेत जाऊबाई पास झाल्या. फार चांगल्या मार्कांनी नाही, पण व्यवस्थित. मी थोडक्या मार्कांनी राहिले आणि पुढच्या वेळी पास झाले, पण माझं ऑफिस अजून सुटलेलं नाही. जाऊबाईंना तपासनीसाची जागा मिळाली. आता त्या पट्ट्याच्या शेवटी नसतात, ढिगातून नमुने काढतात आणि आलेख भरतात.

मधे एकदा एका ढिगात वाकड्या टोप्यांचे बल्ब जरा जास्तच निघाले. शोधलं तर ते दोनच बायकांच्या हातून गेलेले, शेजारी शेजारी बसणाऱ्या. विभागाचे साहेब म्हणाले, "दोघी दिवसभर गप्पा मारतात. दोघींची एकच चूक, म्हणजे लक्ष नाही. मेमो काढा, फलकावर लावा."

माझ्या काचेतून मला जाऊबाईंची पाठ दिसत होती. ती ताठ झाली. साहेब काय बोलले ते मला नंतर कळलं, पण जाऊबाई काय बोलल्या ते काचेपलीकडूनही ऐकू आलं. "फलकावर काही लागणार नाही! आधी मी त्यांना विचारणार!"

त्या स्वतः दोघींच्या टेबलाशी गेल्या, टोप्यांचे ट्रे उलथे करून पाहिले, बसवायचं यंत्र चालवून पाहिलं. एका ट्रेमधल्या टोप्याच दबलेल्या आल्या होत्या आणि दोघी त्याच ट्रेमधून घेत होत्या. त्यांचा काही दोष नव्हता. थोडे बल्ब मात्र चांगल्या टोप्या असून वाकडे होते, आणि ते एकीचेच होते. तिचं खरंच लक्ष नव्हतं. जाऊबाईंनी तिला बाजूला, जिन्यापाशी नेलं. काय बोलल्या ते कुणी ऐकलं नाही, पण ती परत आली तेव्हा तिचं तोंड उतरलेलं होतं, आणि दिवसभर तिने मान वर केली नाही. मेमो निघाला तो टोप्या पाठवणाऱ्याच्या नावाने. साहेबांनी त्यावर सही करायला दोन दिवस लावले. ते दोन्ही दिवस जाऊबाई दुपारच्या सुट्टीत त्यांच्या दारासमोर खुर्ची टाकून डबा खात बसल्या होत्या.